लढाई संपू दे, मग

रामकृष्ण पाठक लाल रेघेपाशी येऊन उभा राहिला आणि काहीच बोलला नाही.

दारूगोळ्याच्या फॅक्टरीतल्या त्या खोलीत तशी पद्धतच होती. रेघेच्या आत लोखंड न्यायचं नाही, काडेपेटी न्यायची नाही, घरच्या चपला न्यायच्या नाहीत. आणि ज्याच्या हातात माल आहे त्याला हाक मारायची नाही. काही सांगायचं असेल तर समोर जाऊन उभं राहायचं आणि तो मान वर करेपर्यंत थांबायचं. रामकृष्ण सुपरवायझर होता. त्याने हे नियम सगळ्यांना शिकवले होते, तेव्हा तो स्वतः मोडणार नव्हताच.

श्रीरंगने मान वर केली.

"आधी हातातलं ठेव," रामकृष्ण म्हणाला.

श्रीरंगने हातातला तोफगोळ्याचा फ्यूज लाकडी ट्रेच्या खाचेत नीट उभा ठेवला.

"दुसऱ्या हातातलं पण."

त्याने तेही ठेवलं. मग रामकृष्णने एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा श्रीरंगच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि त्याचा आवाज बदलला. "चल बाहेर. घरून माणूस आला आहे गेटवर."

पाकिस्तानशी लढाई सुरू होऊन चारच दिवस झाले होते. डबल शिफ्ट चालू होती. अशा दिवसांत घरचा माणूस गेटवर येतो आणि गेटवाले आत फोन करतात, म्हणजे काय असणार ते श्रीरंगला रेघ ओलांडायच्या आधीच कळलं. त्याने कापडी बूट काढून जागेवर ठेवले, कामाचे कपडे बदलले, सदऱ्याची बटणं लावली. आपल्या चपला मात्र घालायला विसरला. डिसेंबरच्या गार डांबरावरून तो अनवाणीच गेटपर्यंत गेला.

गेटवर समोरच्या क्वार्टरमधले बापू उभे होते. हातात पितळी पेला. पेल्यात पाणी तसंच होतं. घरापासून तिथपर्यंत म्हाताऱ्याने तो हातात धरूनच आणला होता.

"शाळेत चालली होती," बापू म्हणाले. "बसस्टॉपपर्यंत गेली नि परत आली. माझ्या पायरीवर बसली. म्हणे, बापू, जरा पाणी देता का. मी आतून पाणी घेऊन येऊन राहिलो..."

बापूंनी पेला पुढे केला. श्रीरंगने त्यांच्या हातातून पेला घेतला. त्याचं काय करायचं हे त्याला कळेना. घरापर्यंत मग तो त्याने धरला.

*

त्याच्या बायकोचं, विनताचं, हृदय लहानपणच्या सांधेतापाने खराब झालं होतं. लग्नानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांनी सांगितलं, मूल होऊ देऊ नका. म्हणून मूल नव्हतं. ती गावातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. खमरियाच्या फॅक्टरी वसाहतीतून बसने जायची, संध्याकाळी दमून यायची आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ टेकायची. विचारलं तर म्हणायची, "चप्पल टोचून राहिली."

घरात बायका जमल्या होत्या. श्रीरंगची मोठी बहीण बेबीताई अधारतालहून आली होती. तिने विनताला हिरवी साडी नेसवली, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. एक बाई दाराशी दुसरीला म्हणाली, "अहेव गेली हो. सोनं झालं बाईचं."

श्रीरंगने ते ऐकलं. त्याला वाटलं, त्या बाईला विचारावं, सोनं झालं ते कोणाचं झालं?  तो मुळात कमी बोलायचा. बोलण्याचं काम घरात विनताकडे होतं.

नदीवर, ग्वारीघाटावर, खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन त्याने तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला गुरुजींनी मडक्याला दगडाने एक भोक पाडलं. पाणी त्याच्या पाठीवरून, टाचांवरून मागे सांडत गेलं. चिंतामणी गुरुजींची नजर त्याच्या हातांवर गेली. बोटं पार पिवळी होती.

"हे काय? हळद?"

"पूड आहे गुरुजी," मागून रामकृष्ण म्हणाला. "फॅक्टरीतली. धुऊन जात नाही."

ही हळदीची गंमत विनताचीच. फ्यूजमध्ये भरायच्या पुडीने कामगारांचे तळवे पिवळे होत, साबणाने तो रंग निघत नसे. श्रीरंग जेवायला बसला की ती म्हणायची, "बघा नवरदेव. इतकी वर्षं झाली, अजून हळद उतरली नाही." आणि तो दर वेळी हसायचा. मडकं मागे टाकताना त्याला आपले हात दिसले, आणि तेव्हा कुठे त्याला रडू आलं.

*

सुतकाचे दिवस सुरू झाले. बेबीताई राहिली होती. ती स्वयंपाक करायची, तो समोर बसायचा, चार घास खायचा. विनताने शाळेतून आणलेला काळा कागद खिडक्यांच्या काचांवर तसाच होता. विमानं येतील म्हणून सगळ्या वसाहतीने कागद लावले होते, पण तिच्यासारखे कोपरे कोणी दुमडले नव्हते. दिवसासुद्धा घरात अंधार असायचा. त्या अंधारात श्रीरंगच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. तिला एक उत्तर द्यायचं होतं आणि त्याने ते दिलं नव्हतं.

सुरुवात एका शब्दाने झाली होती.

दसऱ्याच्या आधी फॅक्टरीच्या दवाखान्यावर एक पाटी लागली. इंग्रजीत होती. कामगार आणि त्यांचे 'स्पाउस' यांनाच औषध मिळेल. श्रीरंग मॅट्रिक होता, पण हा शब्द त्याला येत नव्हता. घरी येऊन त्याने विचारलं.

"स्पाउस म्हणजे नवरा," विनता म्हणाली.

"अच्छा."

"किंवा बायको."

"दोघांना एकच?"

"दोघांना एकच."

"मग रागावून कोण राहिलं आणि कोणावर, ते कसं कळायचं?"

ती इतकी हसली की तिला धाप लागली. पण प्रश्न तिच्या डोक्यात बसला. दुसऱ्या दिवशी शाळेतला जाडा शब्दकोश उघडून तिने सगळं पाहिलं, आणि संध्याकाळी पायरीवर न टेकता सरळ घरात आली.

"बसा इथे," ती म्हणाली. "आधी हजबंड ऐका. हजबंड म्हणजे मुळात घर धरून राहणारा. घराचा धनी. तुम्ही त्यात बसत नाही."

"काहून?"

"तुम्ही फॅक्टरी धरून राहता."

"आणि वाइफ?"

"वाइफ म्हणजे जुन्या इंग्रजीत नुसती बाई. बस. पुढे काही नाही."

"म्हणजे ते आपल्या 'बायको'सारखंच झालं."

"हो ना. पण स्पाउस वेगळा आहे." ती खुर्ची ओढून समोर बसली. वर्गात मुलींना सांगताना ती अशीच बसत असणार असं त्याला वाटलं. "स्पाउस म्हणजे जिला शब्द दिला ती. ज्याला दिला तो. लॅटिनमध्ये वचन देणे असं क्रियापद आहे, त्यातून आला. आणि त्याचा चुलतभाऊ ग्रीकमध्ये आहे. त्याचा अर्थ ओतणे. ते लोक देवापुढे करार करताना जमिनीवर दारू ओतत."

"दारू? दिवेलागणीला काय सांगून राहिली तू!"

"अहो, आपण पाणी ओततो, एवढाच फरक. कन्यादानाच्या वेळी आईने झारी धरली होती. बाबांच्या ओंजळीतून माझ्या ओंजळीत, माझ्यातून तुमच्या ओंजळीत पाणी आलं. आठवते?"

त्याला आठवत होतं. पाणी फार गार होतं.

"मग आपणही तेच," ती म्हणाली. "बोलायचं आणि ओतायचं. ओतलेलं पाणी परत भांड्यात येत नाही, म्हणून ओतायचं असेल." मग म्हणाली, "आणि ऐका, 'रिस्पॉन्ड' त्याच घरातला. समोरच्याने वचन दिलं की आपण उलट वचन देणं, ते रिस्पॉन्ड. मी मुलींना इतकी वर्षं नुसतं 'उत्तर देणे' शिकवून राहिले."

 ती खिडकीतून बघत होती. समोरच्या क्वार्टरमध्ये बापू स्वयंपाकघरात उभे होते. त्यांची बायको जाऊन सहा-सात वर्षं झाली होती. सकाळी एकदा भात टाकायचा आणि दोन्ही वेळा ओट्यापाशी उभं राहून पातेल्यातूनच खायचा, असं त्यांचं चालायचं. ताट नाही, पाट नाही. आत्ताही ते तसेच खात होते, भिंतीकडे तोंड करून.

"मी एक सांगू का?" विनता म्हणाली. "मी आधी जाणार. तोंड वाकडं नका करू, दोघांनाही माहीत आहे. मी गेले की तुम्ही दुसरी आणा."

"काय?"

"बायको. वर्ष झालं की आणा. शब्द द्या मला."

"डोकं फिरलं का तुझं?"

"बापूंकडे बघा आणि मग बोला."

तो उठला आणि बादली घेऊन नळावर गेला. नळाला तेव्हा पाणी येत नव्हतं. तरी तो तिथे बराच वेळ उभा राहिला.

विनता मागे लागणाऱ्यांतली नव्हती. पण विसरणाऱ्यांतलीही नव्हती. तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "शिकलेली नसली तरी चालेल. पण हात खारट नको, तुम्हाला बीपी आहे." सदऱ्याला बटण लावताना म्हणायची, "नागपूरची बघा. इथल्या मुलींना मराठी समजते, बोलता येत नाही. मग तुम्ही दोघंही गप्प बसाल." त्याला राग यायचा. मग हसूही यायचं. हसू आलं याचा पुन्हा राग यायचा. तो हो म्हणायचा नाही. नाही म्हटलं तर ती का म्हणून विचारणार, आणि का ते त्याला सांगता आलं नसतं. म्हणून तो नाहीही म्हणायचा नाही.

त्या सकाळी, ती गेली त्या सकाळी, तो डबा घेऊन दारात उभा होता. ती वेणी घालत होती. आरशातूनच तिने विचारलं, "काय ठरलं मग?"

"कशाचं?"

"माहीत आहे कशाचं."

फॅक्टरीचा भोंगा झाला होता. त्याला उशीर होत होता. तो म्हणाला, "लढाई संपू दे, मग सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

"घ्या," ती म्हणाली, आणि आरशात हसली. "हे पण एक वचनच झालं."

*

दहाव्या दिवशी ग्वारीघाटावर धुकं होतं. विनताचा भाऊ शैलेंद्र नागपूरहून आला होता. रामकृष्ण रात्रपाळी संपवून तसाच आला होता, डोळे लाल. बापू एका बाजूला दगडावर बसले होते. गुरुजींनी पिंड मांडला, सगळे मागे सरले आणि कावळ्याची वाट बघू लागले.

कावळे होते. नावेच्या काठावर दोन, पिंपळावर चार-पाच. एक खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर उतरला, मान वाकडी करून बघितलं आणि परत उडून गेला.

"काहीतरी राहिलं आहे तिचं," गुरुजी म्हणाले. "बोला कोणी तरी. इच्छा पूर्ण करतो म्हणा."

शैलेंद्र पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "ताई, आईची काळजी करू नको. मी आहे."

कावळा हलला नाही.

बेबीताई डोळे पुसत म्हणाली, "विनता, तुझी ती मोरपंखी साडी मी कोणाला देणार नाही गं. तुझ्या भाचीसाठी ठेवते. आणि शाळेतल्या मुलींना तुझ्या नावाने बक्षीस देऊ. ये बाई."

कावळा नावेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

रामकृष्णला बोलायची सवय नव्हती. तो खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, लढाई संपली की याला मी फ्यूजवरून काढतो. स्टोअरला घालतो. शब्द देतो तुम्हाला."

सगळ्यांना वाटलं, हेच असणार. सगळ्यांनी पिंपळाकडे पाहिलं. काही झालं नाही.

मग सगळे श्रीरंगकडे बघू लागले.

तो पिंडासमोर गेला. काय बोलायला हवं ते त्याला ठाऊक होतं. चार शब्द होते. ते बोलले की कावळा येईल याबद्दल त्याच्या मनात तिळभर शंका नव्हती. नंतर पाळलं नाही तरी कोणी विचारायला येणार नव्हतं. दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. पण आयुष्यात विनताशी तो एकदाही खोटं बोलला नव्हता. मोठेपणा म्हणून नाही. तिच्यापुढे ते जमायचंच नाही, ती लगेच हसायची. आणि खरं म्हणून ते बोलावं तर दुसरी कोणी बाई तिच्या खुर्चीत समोर येऊन बसलेली त्याला डोळ्यांपुढे आणताच येत नव्हती. त्याने प्रयत्न केला होता. दहा दिवस तेच करत होता. खुर्ची दिसायची, बाई दिसायची नाही.

त्याने हात जोडले. तोंड उघडलं.

"विनता," तो म्हणाला, आणि नंतर फक्त एवढंच, "जमत नाही गं."

धुकं विरलं. ऊन पिंडावर आलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला टेकवला. शास्त्रात तशी सोय आहे, असं ते म्हणाले. लोक सुटल्यासारखे झाले आणि नदीत उतरले. श्रीरंगच्या ओंजळीत तीळ आणि पाणी होतं.

"सोडा आता हातातलं," गुरुजी म्हणाले.

तो तसाच उभा राहिला. लग्नात असंच पाणी ओंजळीत आलं होतं. आता ते खाली सोडायचं होतं. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. रामकृष्ण पाण्यातून चालत त्याच्या समोर आला आणि काही न बोलता, त्याने मान वर करेपर्यंत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "ठेव रे. ठेव खाली." तेव्हा श्रीरंगने बोटं उघडली.

परतताना टांग्यात बेबीताई त्याच्या शेजारी बसली होती. अर्ध्या रस्त्यात तिने विचारलं.

"तुला माहीत होतं ना रे, काय राहिलं ते?"

"हो."

"मग काहून नाही बोलला?"

"खोटं बोलून कावळा बोलवू?"

"काय म्हणत होती ती?"

त्याने सांगितलं. बेबीताईने पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "अशी कशी रे ती! आपणच आपल्या जागेवर..."  ती त्याला हे कर किंवा करू नको, काहीच म्हणाली नाही. तिने फक्त त्याचा पिवळा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि घर येईपर्यंत सोडला नाही.

*

संध्याकाळी वसाहतीत एकदम गलका झाला. कुठल्या तरी घरातला रेडिओ मोठा झाला, मग सगळ्या घरांतले झाले. पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. लोक बाहेर धावले. कोणी फटाके लावले, कोणी गळ्यात पडून रडलं. फॅक्टरीतली माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. त्यांनी भरलेला माल कामाला आला होता. "जीत गए भैया, जीत गए," असं ओरडत पोरं गल्लीतून पळत होती. लोक घराघरांतून खिडक्यांवरचे काळे कागद फाडत होते.

श्रीरंग दारात उभा होता. सुतक म्हणून त्याच्या दारी कोणी पेढे घेऊन आलं नाही. समोरून जाणारे आवाज खाली करायचे आणि पुढे गेले की पुन्हा ओरडायचे.

बापू आले. हातात झाकलेलं पातेलं आणि, नवल म्हणजे, दोन ताटं.

"वरणभात आहे," ते म्हणाले. "बेबी थकली आहे, तिला निजू दे. चल, बस."

"भूक नाही बापू."

"भुकेचं कोण विचारून राहिलं? बसायचं विचारून राहिलो." बापूंनी जमिनीवर ताटं मांडली. "माझं ऐक. मी पहिल्या दिवशी उभ्याने खाल्लं. म्हटलं, आज कोण बसते, उद्या बसू. मग नाही बसवत. उभ्याने एकदा खाल्लं की मग नाही बसवत रे."

श्रीरंग बसला. बापूही बसले, गुडघे धरून, हळूहळू. दोघांनी खाल्लं. भात जरा करपला होता आणि वरणात मीठ जास्त होतं. श्रीरंगला हात खारट नको हे आठवलं. त्याने घास तसाच गिळला.

बापू गेल्यावर तो खिडकीपाशी आला. बाहेर सगळीकडे दिवे दिसत होते. त्यांच्याच खिडकीवर कागद राहिला होता, चारी कोपरे दुमडलेला. त्याने एक कोपरा नखाने उचलला आणि पुन्हा बसवून टाकला.

पुढच्या आठवड्यात तो कामावर गेला. रामकृष्णने त्याला खरंच स्टोअरला घातलं. तिथे पूड नव्हती. उन्हाळ्यापर्यंत त्याच्या हातांचा पिवळेपणा उतरला. बसून जेवायची सवय त्याने मोडू दिली नाही. रविवारी बापूही येतात. खिडकीवरचा कागद पावसाळ्यात आपोआप निघाला.

लढाई संपू दे, मग सांगतो, असं तो तिला म्हणाला होता. लढाई संपली. सांगायचं राहिलं आहे.